दुखायच्या आधी थांबायचं

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका ४५ वर्षांच्या प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र आहे. गेली चार वर्षं त्यांची मान, खांदे, कंबर, मांड्या सतत दुखतात. दुखण्याची जागा बदलते, दुखणं थांबत नाही. झोपून उठल्यावरही अंग आंबलेलंच असतं. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, कमरेचा एमआरआय सगळं 'नॉर्मल' आलं. शेवटी पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे सगळं अंग दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान केलं, गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. गोळ्यांनी दिवसभर गुंगी येते म्हणून पंधरा दिवसांतच त्या बंद झाल्या. आता असह्य झालं की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी येते, आणि बहुतेक दिवस ती लागतेच. घरी मिस्टर, दोन मुलं आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. ज्या रविवारी बरं वाटतं त्या दिवशी त्या साठलेलं सगळं काम उरकतात आणि पुढचे दोन दिवस उठवत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आराम करायचं ठरलं होतं, पण पापड-कुरडया आणि पाहुण्यांत सुट्टी संपली आणि शाळा उघडली तेव्हा दुखणं आणखी वाढलेलं होतं. मिस्टर म्हणतात, "रिपोर्ट चांगले आहेत ना, मग मनावर घेऊ नकोस." सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठं होती विश्रांती?" पुढच्या महिन्यात गौरी-गणपती आहेत. त्या विचारतात, नोकरी सोडून पूर्ण विश्रांती घेऊ का? की मीच आळशी झालेय? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "कधीकधी वाटतं, सकाळ होऊच नये."

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. सकाळ होऊ नये असं वाटणं आणि जगूच नये असं वाटणं यांत अंतर आहे. पण रोज दुखत असेल आणि रोज झोप मोडत असेल, तर ते अंतर कमी होत जातं. तुम्ही त्यात नेमक्या कुठे आहात ते पत्रावरून कळत नाही, म्हणून विनंती करते. ही ओळ जशीच्या तशी तुमच्या डॉक्टरांना आणि घरातल्या निदान एका माणसाला सांगा. जीव द्यावा असा विचार एकदा जरी मनात डोकावला, तरी लगेच १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लावा. सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही कुणीतरी बोलायला असतं आणि मराठीत बोलता येतं. लांबलेल्या दुखण्याच्या पाठोपाठ नैराश्य येणं अगदी नेहमीचं आहे. त्यावर उपचार झाले की दुखणंही थोडं सोसवतं.

आता आळशीपणाचं. आळशी माणूस बरं वाटणाऱ्या पहिल्याच रविवारी माळा आवरायला काढत नाही, ताई. पण हा प्रश्न तुमच्या मनात आला कुठून, ते बघायला हवं. रिपोर्ट चांगले म्हणजे शरीर चांगलं, शरीर चांगलं म्हणजे दुखणं मनाचं, आणि मनाचं दुखणं म्हणजे स्वभावातली खोट. मिस्टरांच्या एका वाक्यामागे ही सगळी साखळी आहे, आणि चार वर्षांत तुम्हीही ती मान्य करून बसलात.

तिची पहिलीच कडी कच्ची आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. एमआरआयमध्ये मणके, चकत्या, नसेवरचा दाब दिसतो. मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश किती मोठे करून घेतात, ते या कुठल्याच चित्रात उमटत नाही. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त हळव्या होतात, आणि मग एरवी ज्याचं काही वाटलं नसतं तेवढ्यानंही दुखायला लागतं. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं हे हळवेपण सगळ्या अंगभर पसरलेलं असतं, असं आज मानलं जातं. राखणीचं कुत्रं एकदा भेदरलं की चोरावर भुंकतं तसं दूधवाल्यावर आणि घरच्यांवरही भुंकायला लागतं. भुंकणं खरं असतं, फक्त दारात चोर नसतो.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तीन महिन्यांहून जास्त टिकणारं असं दुखणं 'दीर्घकालीन प्राथमिक वेदना' या नावाने स्वतंत्र आजार म्हणून नोंदवलेलं आहे आणि फायब्रोमायल्जिया त्याच गटात येतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत मुद्दाम लिहिलं की माणूस 'दुखतंय' म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. मिस्टरांना हा भाग वाचायला द्या. आणि पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा. जे तुम्ही चार वर्षं सांगताय तेच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं, हे आपल्याला आवडो न आवडो, पण तसं घडतं खरं.

(तुमच्यासारखं दुखत असलेल्या पण अजून निदान न झालेल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगते. सगळं अंग दुखणं म्हणजे फायब्रोमायल्जियाच, असं घरबसल्या ठरवू नका. थायरॉइड, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वांची कमतरता, सांध्यांची सूज आणणारे आमवातासारखे आजार आधी तपासून घ्यावे लागतात. सांधे सुजत असतील, सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेले राहत असतील, ताप येत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर लवकर डॉक्टरांकडे जा. हातापायांतली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.)

आता नोकरी. तुमच्या पत्रात या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. मे महिन्याची सगळी सुट्टी तुम्ही घरी होतात, शाळा नव्हती, आणि जूनमध्ये दुखणं वाढलेलं होतं. मग नोकरी सोडल्यावर बाराही महिने मे महिना झाला तर काय होईल? नोकरी सुटली की विश्रांती मिळेल हे तुम्ही धरून चालला आहात. आपल्या घरांमध्ये, विशेषतः बायकांच्या बाबतीत, ते मला खरं वाटत नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं आलं आहे. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा ८८ मिनिटं आहे. तुम्ही घरी बसलात की "आता घरीच आहेस ना" हे वाक्य येईल. स्वयंपाकाच्या मावशी असतील तर त्या बंद होतील. शाळेत बाकी काही नसलं तरी खुर्ची आहे, मधली सुट्टी आहे, तुमच्या नावाने हाक मारणारी पोरं आहेत. पगारही आहे, आणि त्या पगारातूनच तुम्हाला मदत विकत घेता येते.

दुसरं असं की पूर्ण विश्रांतीने हा आजार बरा होत नाही. हे ऐकायला तुम्हाला जड जाईल, पण आठवडाभर अंथरुणाला टेकलं की स्नायूंची ताकद उतरते, झोप बिघडते, आणि उठल्यावर पहिल्यापेक्षा कमी कामाने जास्त दुखतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या सुमारास फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांत ठाम शिफारस एकाच गोष्टीची करता आली, ती म्हणजे व्यायामाची. तोही हळूहळू वाढवत नेलेला. दुखतंय म्हणजे आत काहीतरी झिजतंय किंवा तुटतंय ही भीती असेल तर ती सोडून द्या. चालण्याने तुमचं काही बिघडत नाही.

म्हणजे काम करत राहायचं की थांबायचं? दोन्ही. पण आज तुम्ही ज्या क्रमाने करता तो क्रम बदलायला हवा. आज तुम्ही दुखेपर्यंत काम करता, मग कोसळता, आणि कोसळल्यावर नाइलाजाने आडव्या होता. म्हणजे विश्रांतीला दर वेळी कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे दुखणं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठ रुग्णालयात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ लांबलेल्या दुखण्यांच्या रुग्णांबरोबर काम करत. त्यांनी नेमका हाच धागा पकडला. दुखलं की विश्रांती असा नियम लागला, की शरीर आणि मन दोन्ही तोच नियम शिकतात. त्यांनी रुग्णांना आधी ठरवलेल्या प्रमाणात काम आणि मग विश्रांती असा कार्यक्रम दिला. किती दुखतंय हे विचारून थांबायचं नाही, ठरलेलं झालं की थांबायचं.

तुमच्या घरात हे असं करता येईल. आठवडाभर एक साधी वही ठेवा. ओट्याशी उभं राहिल्यावर, चालताना, वर्गात उभ्याने शिकवताना किती मिनिटांनी दुखणं चढायला लागतं ते लिहा. कोसळण्याची वेळ नको, चढायला लागण्याची वेळ लिहा. समजा ओट्याशी सोमवारी २५ मिनिटं जमलं, मंगळवारी १०, बुधवारी १९. सरासरी १८ आली. त्यातून थोडी वजा करा आणि १४-१५ मिनिटं हे तुमचं माप धरा. मोबाइलवर तेवढ्याचा गजर लावा. वाजला की गॅस बारीक करून बसायचं, पाच-सात मिनिटं. त्या क्षणी छान वाटत असेल तरी बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे. "एवढ्या चार पोळ्या राहिल्यात, लाटून टाकते" इथेच सगळं फिसकटतं. दोन आठवडे हे माप सांभाळता आलं तर एक-दोन मिनिटं वाढवा. न जमणाऱ्या दिवशी माप निम्म्यावर आणा, पण शून्यावर नको. दुखण्याची लाट येईल तेव्हाही घरातल्या घरात थोडं चालणं, अंघोळ, वेळेवर उठणं सोडू नका.

त्या चांगल्या रविवारी तर दुप्पट सावध राहा. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा रविवार वारंवार भेटतो. आठवडाभराचा अपराधीपणा एका दिवसात फेडायचा असतो, म्हणून गाद्या उन्हात, पडदे धुवायला, कपाट रिकामं. मंगळवारचं अंथरूण त्या रविवारीच घातलेलं असतं. बरं वाटणाऱ्या दिवशी रोजच्या मापाहून जास्त काम करायचं नाही, एवढा एक नियम जरी पाळलात तरी महिन्याभरात फरक दिसू लागेल असं मला वाटतं.

विश्रांती कशी घ्यायची हेही शिकावं लागतं. मोबाइल बघत पडणं ही विश्रांती नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत, बेसिनमधली भांडी कुणी घासली असतील का याचा विचार करत पडणं तर नाहीच. शाळेतून आल्यावर, चहा-स्वयंपाकाच्या आधी, वीस मिनिटं खोलीचं दार लावून घ्या. जमिनीवर सतरंजी टाका, पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर ठेवा म्हणजे कमरेवरचा ताण जातो, मानेखाली घडी केलेला टॉवेल. शवासन येत असेल तर तेच करा. पहिले काही दिवस डोक्यात कामांची यादीच फिरेल, उठून जावंसं वाटेल. तरी पडून राहा. झोप लागलीच पाहिजे असं नाही, आणि दुपारी तासभर झोपू तर नकाच, कारण त्याने रात्र बिघडते. गाढ झोप मोडण्याचा आणि अंगदुखीचा फार जवळचा संबंध आहे. १९७५ मध्ये हार्वे मोल्डोफ्स्की यांच्या कॅनडातल्या प्रयोगात धडधाकट तरुणांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडली, तर त्यांचंही अंग दुखायला आणि दाबल्यावर हुळहुळायला लागलं. म्हणून रात्री कितीही वाजता डोळा लागो, सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा.

शाळेतही थोडं करता येईल. खांद्याच्या वर हात नेऊन फळ्यावर लिहिण्याने मान भरून येते, तेव्हा फळ्याचा खालचा अर्धाच भाग वापरा आणि वरचं मुलांकडून लिहून घ्या, मुलांना ते आवडतंच. मुख्याध्यापकांना निदानाचा कागद दाखवून बसून शिकवायला आणि जिना नसलेला वर्ग मिळायला विनंती करा. राजीनाम्याच्या आधी वैद्यकीय रजेचे नियम नीट विचारून घ्या. नोकरीचा निर्णय दिवाळीनंतर घ्या असं मी सांगेन. माप सांभाळून तीन महिने जाऊ देत, मग खरंच शाळा झेपत नाही की शाळेनंतरचं घर झेपत नाही, ते वहीच सांगेल.

गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलते. मेडिकलमधून आणून रोज वेदनाशामक घेणं आजपासून थांबवायचा विचार करा आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सूज कमी करतात. तुमच्या आजारात सूज हा मूळ प्रश्नच नाही, म्हणून त्यांचा उपयोग फार कमी होतो, आणि वर्षानुवर्षं घेतल्या तर जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडं खराब होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो. तज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही गुंगीमुळे सोडल्यात. या आजारात बहुधा एमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन देतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत गुंगी येणं ही त्यांतल्या काहींची नेहमीची तक्रार आहे. डॉक्टरांना तसं सांगितलं तर मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, औषधही बदलता येतं. 'मनाच्या आजाराची गोळी दिली' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. मन:स्थिती आणि वेदना या दोन्हींचे संदेश वाहणारी काही रसायनं सारखीच आहेत, म्हणून तीच औषधं दोन्हीकडे चालतात. स्वतःहून अचानक बंद मात्र करू नका. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत भूलशास्त्र विभागाकडून वेदना-चिकित्सा बाह्यरुग्ण विभाग चालवले जातात, तिथेही एकदा दाखवता येईल.

सासूबाईंचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "आमच्या वेळी कुठं होती विश्रांती?" तुम्हाला तो टोमणा वाटला आणि तो असेलही. पण त्यात त्यांचं स्वतःचं गाऱ्हाणंही असावं असं मला वाटतं. एखाद्या निवांत दुपारी त्यांना विचारा, माझ्या वयात तुमचं काय काय दुखायचं, आणि तेव्हा तुम्ही काय करायचात. उत्तर ऐकताना वाद घालू नका. त्यांना कधी कुणी हे विचारलं नसण्याचीच शक्यता जास्त आहे. घरच्यांशी बोलताना "मला फार दुखतं" या वाक्याने सुरुवात करू नका. चार वर्षं ऐकून त्याचा परिणाम बोथट झालाय आणि त्यावर कुणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी नेमकं सांगा: साडेपाच ते सहा मी खोलीत आडवी असेन, तेव्हा हाक मारायची नाही. कणीक मिस्टर मळतील. रात्रीची भांडी मुलं लावतील. पोळ्या आठवड्यातून तीन दिवस पोळीभाजी केंद्रातून येतील. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखंच काम द्या. लोक लगेच ऐकणार नाहीत. पहिल्या आठवड्यात भांडी तशीच पडतील आणि उठून घासावीशी वाटतील. ती पडू द्या.

आणि गौरी. एक म्हणजे सगळं नेहमीसारखं करायचं आणि मग आठवडाभर पडायचं, दुसरं म्हणजे काहीच करायचं नाही आणि मनाला खात बसायचं, एवढे दोनच रस्ते तुम्ही बघताय. सासूबाईंना आणि मिस्टरांना बसवून आत्ताच एक कागद करा. या सणातलं तुम्हाला स्वतःला सर्वांत प्रिय काय आहे? गौरींना साडी नेसवणं, मुखवटे बसवणं असेल तर ते तुम्ही करा, बसून, मध्ये थांबत. आवाहनाच्या दिवशीची भाजी-भाकरी घरात होऊ दे. पुरण विकत आणता येतं, लाडू-करंज्या बचत गटाकडे सांगता येतात. भाज्या निवडणं, चिरणं आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बसून करायचं. सोळा भाज्यांचा नेम असेल तर त्या एकाच पातेल्यात शिजू देत. वाढायला आणि उष्टी काढायला जावा, भाचरं, मिस्टरांचे भाऊ आहेत. हळदीकुंकवाच्या बायका संध्याकाळी ठरावीक दोन तासांत बोलवा आणि त्याआधीचं वीस मिनिटांचं पडणं त्या दिवशीही चुकवू नका. शास्त्राला काय चालतं यावर अडलं, तर निर्णय सासूबाईंवर सोपवा. मोठं माणूस स्वतः "यंदा एवढं पुरे" म्हणालं, की पाहुण्यांपैकी कुणी प्रश्न विचारत नाही.

गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस, अशी किरकोळ रजा आत्ताच टाकून ठेवा. त्या दुसऱ्या दिवशी अंग दुखेलच असं धरून चाला, आणि नाही दुखलं तरीही भांड्यांचा माळा त्या दिवशी काढू नका.